विश्लेषण : लोकशाहीनेच लोकशाहीला टाळे कसे लावले? वायमार जर्मनीचे ‘कलम ४८’ आणि त्याचे नागपूर कनेक्शन

दरवर्षी २५ जून जवळ आला की आणीबाणीवरून आरोप-प्रत्यारोप सुरू होतात. केंद्र सरकारने २०२४ मध्ये हा दिवस ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून जाहीर केल्यापासून तर समाजमाध्यमांवर त्याला ऊतच येतो. या गदारोळात एक गोष्ट सहसा मागे पडते. आणीबाणीच्या २६ वर्षे आधी, संविधान अजून लिहिले जात असताना, घटना समितीतल्या एका सदस्याने याच तरतुदींवर बोट ठेवून ‘जर्मनीत हेच झाले होते’ असे बजावले होते. हा सदस्य मध्य प्रांत व वऱ्हाडमधून, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातून, निवडून गेलेला होता. नाव हरी विष्णू कामत. त्यांनी दाखला दिला होता वायमारच्या राज्यघटनेचा.

हे वायमार म्हणजे नेमके काय? तिथली लोकशाही अवघ्या १४ वर्षांत कशी संपली? आणि नागपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत हा विषय कसा पोहोचला?

गावाचे नाव देशाला का चिकटले?

पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला. ९ नोव्हेंबर १९१८ रोजी सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा याच्या पदत्यागाची घोषणा झाली आणि त्याच दिवशी बर्लिनमध्ये प्रजासत्ताक जाहीर झाले. तेही दोनदा. दुपारी सोशल डेमोक्रॅट नेते फिलिप शायडेमान यांनी संसदेच्या खिडकीतून ते जाहीर केले, तर काही तासांतच डाव्या क्रांतिकारकांचे नेते कार्ल लिबक्नेश्ट यांनी वेगळ्या, समाजवादी प्रजासत्ताकाची घोषणा केली. भांडणाची सुरुवात पहिल्याच दिवशी झाली होती.

जानेवारी १९१९ मध्ये निवडणुका झाल्या. जर्मन महिलांनी राष्ट्रीय निवडणुकीत पहिल्यांदाच मतदान केले. लोकशाहीच्या बाजूच्या तीन पक्षांना मिळून तीन चतुर्थांश मते पडली. बर्लिनमध्ये रस्त्यावर गोळीबार सुरू असल्याने नवी राष्ट्रीय सभा वायमार या शांत गावी भरली. कवी गटे याचे हे गाव. तिथे घडलेली घटना म्हणून ती वायमारची राज्यघटना, आणि तिच्यावर चाललेला देश म्हणजे वायमार प्रजासत्ताक. ११ ऑगस्ट १९१९ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रिडरिश एबर्ट यांनी तिच्यावर सही केली.

कागदावर ही त्या काळातली सर्वात पुढारलेली घटना होती. २० वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत, मतांच्या प्रमाणात जागा, थेट जनतेतून निवडलेला राष्ट्राध्यक्ष, मूलभूत हक्कांची लांबलचक यादी. कमतरता काढायचीच तर एवढीच, की ती मनापासून हवी असलेले लोक फार लवकर कमी झाले. जून १९२० च्या निवडणुकीत त्याच तीन पक्षांचे बहुमत गेले आणि ते पुन्हा कधीच परत आले नाही.

युद्ध सेनापती हरले, दोष कोणाच्या माथी?

युद्ध थांबवा असा धोशा १९१८ च्या शरद ऋतूत खुद्द सेनापतींनीच सरकारकडे लावला होता. पण शस्त्रसंधीच्या कागदावर सही करायला पुढे गेलेल्या जर्मन शिष्टमंडळाचे प्रमुख होते माथियास एर्झबर्गर. लष्करी गणवेश न घातलेला, निवडून आलेला राजकारणी. सेनापती पडद्याआड राहिले.

मग १९१९ च्या नोव्हेंबरमध्ये फील्ड मार्शल हिंडेनबुर्ग यांनी चौकशी समितीपुढे सांगितले की सैन्य रणांगणात हरलेच नव्हते, देशातल्या लोकांनी त्याच्या पाठीत खंजीर खुपसला. हे खोटे होते. पण ज्या घरातली मुले परत आली नव्हती, त्या घरांना पराभवापेक्षा दगाफटका पटायला सोपा होता. त्यात जून १९१९ चा व्हर्सायचा तह आला. सुमारे १३ टक्के भूभाग गेला, सैन्यावर एक लाखाची मर्यादा आली, युद्धाची जबाबदारी अंगावर आली आणि १९२१ मध्ये नुकसानभरपाईचा आकडा १३२ अब्ज सुवर्ण मार्क असा ठरला. सही करण्याशिवाय गत्यंतर नव्हते, तरीही सही करणारे ‘गद्दार’ ठरले.

एर्झबर्गर यांना ऑगस्ट १९२१ मध्ये गोळ्या घालून मारण्यात आले. जून १९२२ मध्ये परराष्ट्रमंत्री वाल्टर राथेनाऊ यांची भर रस्त्यात हत्या झाली. ते ज्यू होते, आणि मारेकऱ्यांच्या लेखी तोही एक गुन्हाच होता. न्यायाधीश बहुतेक सम्राटाच्या काळातलेच होते. उजव्या गटाच्या आरोपींबाबत त्यांचा हात सैल असे. नोव्हेंबर १९२३ मध्ये म्युनिकमध्ये बंडाचा प्रयत्न करणाऱ्या हिटलरला पाच वर्षांची शिक्षा झाली, पण तो वर्षभरही आत राहिला नाही.

एक प्रसंग मात्र वेगळा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. मार्च १९२० मध्ये काप नावाच्या अधिकाऱ्याने लष्कराच्या एका गटाच्या जोरावर बर्लिन ताब्यात घेतले. सरकार पळाले. तेव्हा कामगारांनी देशव्यापी संप पुकारला. वीज, रेल्वे, कार्यालये ठप्प झाली. चार-पाच दिवसांत बंडाची हवा गेली. म्हणजे वायमारसाठी रस्त्यावर उतरणारे कोणी नव्हतेच, असे म्हणता येत नाही.

४.२ मार्कांचा डॉलर ४.२ लाख कोटींवर

जानेवारी १९२३ मध्ये भरपाईचे हप्ते थकले म्हणून फ्रान्स आणि बेल्जियमच्या फौजांनी ऱ्हूर हा कोळसा-पोलादाचा पट्टा ताब्यात घेतला. जर्मन सरकारने कामगारांना काम बंद करायला सांगितले आणि त्यांचे पगार स्वतः द्यायचे ठरवले. पैसे होते कुठे? नोटा छापल्या. युद्धाचा खर्चही करांऐवजी कर्जातून भागवलेला असल्याने चलन आधीच लटपटत होते.

युद्धापूर्वी एका डॉलरला ४.२ मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले. आकडा तोच, फक्त मध्ये बारा शून्ये घुसली. पगार दिवसातून दोनदा मिळायचा आणि लोक तो हातात पडताच दुकानाकडे धावायचे, कारण संध्याकाळी भाव बदललेला असायचा. नवे चलन आणून सरकारने महिनाभरात हे थांबवले, पण निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या, आयुष्यभर बँकेत पैसे ठेवलेल्या मध्यमवर्गाची पुंजी परत आली नाही. कर्जदार आणि जमीनजुमलेवाले मात्र सुटले. शिस्तीने बचत करणाऱ्यालाच शिक्षा झाली, ही सल नंतरच्या प्रत्येक निवडणुकीत राहिली.

याच सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर युरोपात होते. त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही नाव नोंदवले होते, मात्र शिक्षण पूर्ण केले ते लंडनमध्ये. तिथे त्यांचा विषय चलनाचाच होता. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ मध्येच प्रसिद्ध झाला.

कलम ४८ मध्ये असे काय होते?

सार्वजनिक सुरक्षितता गंभीर धोक्यात आली तर राष्ट्राध्यक्ष आवश्यक ते उपाय करू शकतो, गरज पडल्यास लष्कर वापरू शकतो आणि सात मूलभूत हक्क तात्पुरते स्थगित करू शकतो, असे हे कलम सांगत होते. संसदेने मागणी केली तर तो आदेश मागे घ्यावा लागे. हा लगाम. सविस्तर नियम पुढे कायद्याने ठरवायचे होते. तो कायदा शेवटपर्यंत झालाच नाही.

पहिले राष्ट्राध्यक्ष एबर्ट लोकशाहीवादी होते. बंडे, उठाव, महागाई हाताळताना त्यांनी हे कलम १३० हून अधिक वेळा वापरले. हेतू प्रजासत्ताक वाचवण्याचा होता, आणि १९२३ मध्ये ते वाचलेही. पण प्रश्न आला की आदेश काढा, ही सवय तिथे लागली. घरातला फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार गुंडाळावी, तसा हा प्रकार. दिवे लागतात, संरक्षण जाते.

१९२५ मध्ये एबर्ट वारले आणि त्यांच्या जागी निवडून आले तेच हिंडेनबुर्ग, वय ७७, मनाने सम्राटाचेच. तरी १९२४ ते १९२९ हा काळ तुलनेने बरा गेला. अमेरिकी कर्जावर उद्योग सावरले. १९२८ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला फक्त २.६ टक्के मते मिळाली होती. मग १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, अमेरिकी कर्ज आटले आणि १९३२ पर्यंत जर्मनीत बेरोजगारांची संख्या सुमारे ६० लाखांवर गेली.

खरी मेख इथे आहे. जुलै १९३० मध्ये चान्सेलर हाइनरिश ब्रुनिंग यांचा काटकसरीचा अर्थसंकल्प संसदेने फेटाळला. त्यांनी तो कलम ४८ खाली आदेश म्हणून लागू केला. संसदेने नियमाप्रमाणे आदेश रद्द केला. त्यावर हिंडेनबुर्ग यांनी कलम २५ वापरून संसदच बरखास्त केली आणि आदेश पुन्हा काढला. दोन्ही कलमे स्वतंत्रपणे वाचली तर ठीक वाटतात. जोडून वापरली की लगाम गायब होतो.

पुढे काय झाले ते आकडेच सांगतात. १९३० मध्ये संसदेने ९८ कायदे केले आणि ५ आदेश निघाले. १९३१ मध्ये ३४ कायदे, ४४ आदेश. १९३२ मध्ये कायदे फक्त ५ आणि आदेश ६० हून अधिक. हिटलर सत्तेत येण्याच्या आधीच संसद जवळपास रिकामी वास्तू झाली होती.

संसद दुबळी होण्यात संसदेचाही वाटा होता. जुलै १९३२ मध्ये नाझींना २३० आणि कम्युनिस्टांना ८९ जागा मिळाल्या. ६०८ पैकी ३१९. सभागृहात बहुमत होते, पण ते ही व्यवस्थाच नको म्हणणाऱ्यांचे. त्याच महिन्यात चान्सेलर फॉन पापेन यांनी कलम ४८ च्या आधारे प्रशिया या सर्वात मोठ्या राज्याचे सरकार हटवले. देशाची निम्म्याहून जास्त लोकसंख्या आणि मोठे पोलीस दल तिथे होते. ही शेवटची भिंत होती, असे अनेक इतिहासकार मानतात.

हिटलरने सत्ता बळकावली की त्याला ती दिली गेली?

दुसरे उत्तर जास्त बरोबर आहे. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझींची मते ३३ टक्क्यांपर्यंत घसरली होती. तरीही पापेन आणि मंडळींनी हिंडेनबुर्ग यांची समजूत घातली की त्याला चान्सेलर करू, आपण त्याला मुठीत ठेवू. ३० जानेवारी १९३३ रोजी नियुक्ती झाली, घटनेला धरून.

२७ फेब्रुवारीच्या रात्री संसद भवनाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी कलम ४८ खाली आदेश निघाला. व्यक्तिस्वातंत्र्य, वृत्तपत्रस्वातंत्र्य, सभा, संघटना, पत्रांची गोपनीयता, सगळे ‘पुढील आदेशापर्यंत’ स्थगित. तो पुढील आदेश नाझी राजवटीत कधी आला नाही. २३ मार्चला सरकारला संसदेशिवाय कायदे करण्याचा अधिकार देणारा कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संमत झाला. कम्युनिस्ट खासदार तुरुंगात किंवा फरार होते, सभागृहात नाझींचे गणवेशधारी उभे होते. विरोधात मत देणारे सगळे सोशल डेमोक्रॅट होते. वायमारची घटना औपचारिकपणे रद्द केलीच गेली नाही. तशी गरजच उरली नव्हती.

नागपूर प्रांताच्या कामतांचा आक्षेप काय होता?

आता ऑगस्ट १९४९, दिल्ली. घटना समितीत आणीबाणीची कलमे चर्चेला आली. पार्श्वभूमी फाळणीची, काश्मीरच्या युद्धाची, गांधीहत्येची, हैदराबादच्या पोलीस कारवाईची. केंद्राच्या हातात ताकद हवी, हे बहुतेकांना पटलेले होते आणि त्यांचे म्हणणे अनाठायी नव्हते.

कामत मूळचे मंगळूरचे. आयसीएसची नोकरी सोडून ते सुभाषचंद्र बोस यांच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेले होते. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या प्रांतिक विधानसभेने त्यांना घटना समितीवर पाठवले होते. त्यांचे म्हणणे असे, की जगभरच्या लोकशाही घटना चाळल्या, पण आणीबाणीची अशी तरतूद कुठे सापडली नाही. जवळात जवळचे उदाहरण वायमारच्या घटनेचे, आणि तिच्यातल्या याच तरतुदींचा फायदा घेऊन हिटलरने ती संपवली. आणीबाणीत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची वाटच बंद करू देणारे कलम (आजचे ३५९) मंजूर होत असताना त्यांनी तो दिवस दुःखाचा आणि लाजेचा असल्याचे सांगितले. कलम मंजूर झाले.

कामतांची तुलना तंतोतंत लागू होत नाही, हेही खरे. वायमारमध्ये किल्ली थेट निवडलेल्या राष्ट्राध्यक्षाकडे होती. भारतात राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. पण म्हणजे किल्ली पंतप्रधानांकडे आली, आणि ज्याच्याकडे बहुमत त्याच्याकडेच किल्ली असेल तर संसदेचा लगाम कितपत चालेल, हा प्रश्न तुलनेपलीकडे उरतोच.

आंबेडकरांना धोका दिसत नव्हता असे मुळीच नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना त्यांनी सांगितले होते की घटनेचे रूप न बदलता नुसता कारभाराचा ढंग बदलूनही तिचा आत्मा बिघडवता येतो. जर्मनीत १९३० ते १९३३ दरम्यान नेमके हेच झाले होते.

१९७५ आणि नागपूर खंडपीठ

२५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला ती कळली दुसऱ्या दिवशी सकाळी. कारण दिले होते ‘अंतर्गत अशांतता’. २७ जूनला कलम ३५९ खाली आदेश निघाला आणि कलम १४, २१ व २२ साठी न्यायालयात दाद मागण्याचा हक्क स्थगित झाला. देशभर अटकसत्र सुरू होते. नागपुरात मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर ४ जुलैला बंदी आली, सरसंघचालक बाळासाहेब देवरस स्थानबद्ध झाले. समाजवादी कार्यकर्तेही मोठ्या संख्येने आत होते.

‘मिसा’खाली अटक झालेल्यांच्या वतीने उच्च न्यायालयांत अर्ज दाखल झाले. सरकारचे म्हणणे होते की हे अर्ज ऐकताच येणार नाहीत. अनेक उच्च न्यायालयांनी ते मानले नाही, आणि त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते. बेकायदा अटक झाली असेल तर आम्ही तपासणार, ही त्यांची भूमिका. सिव्हिल लाइन्समधली ही इमारत १९५६ पर्यंत स्वतंत्र नागपूर उच्च न्यायालयाची होती, त्याच प्रांताची, ज्याने कामतांना दिल्लीला पाठवले होते.

सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. हाच तो गाजलेला एडीएम जबलपूर खटला. सुनावणीत न्या. एच. आर. खन्ना यांनी विचारले, की एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर? ॲटर्नी जनरल निरेन डे यांना मान्य करावे लागले की आणीबाणी असेपर्यंत त्यावरही इलाज नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मतांनी सरकार जिंकले. विरोधात एकटे खन्ना. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले.

मग जर्मनीसारखे का झाले नाही? १९७७ मध्ये निवडणूक झाली, हे एक कारण. पण मार्च १९३३ मध्ये जर्मनीतही निवडणूक झाली होती. फरक असा, की तिथे विरोधकांना तुरुंगात ठेवून आणि रस्त्यावर गुंड सोडून मतदान झाले, तर इथे बहुतेक नेते निवडणुकीआधी सुटले, प्रचार झाला, मतमोजणी झाली आणि हरलेल्या पंतप्रधानांनी राजीनामा दिला. देशभर जनता पक्षाची लाट असताना नागपूरने मात्र काँग्रेसचे गेव आवारी यांना निवडून दिले. मतदार एका सुरात बोलला नाही, आणि तसे बोलण्याची त्याला मुभा होती.

काय दुरुस्त झाले, काय तसेच आहे?

१९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती ही कामतांच्या आक्षेपाला तीन दशकांनी मिळालेली पावती म्हणावी लागेल. योगायोग असा, की तेव्हा ते स्वतः लोकसभेत होते, होशंगाबादचे जनता पक्षाचे खासदार म्हणून.

‘अंतर्गत अशांतता’ हे शब्द जाऊन ‘सशस्त्र बंड’ आले. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय असल्याशिवाय राष्ट्रपती घोषणा करू शकत नाहीत. महिन्याभरात दोन्ही सभागृहांत विशेष बहुमताने मंजुरी हवी, ती दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागते. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी मागणी केली तर आणीबाणी उठवण्याच्या ठरावासाठी खास बैठक बोलवावी लागते. वायमारच्या संसदेकडेही रद्द करण्याचा अधिकार होता, पण तिला बरखास्त करून तो मोडीत काढता आला. भारतात बरखास्तीची पळवाट पूर्ण बुजलेली नसली, तरी लोकसभा नसताना राज्यसभेची मंजुरी लागते आणि नव्या लोकसभेने ३० दिवसांत मान्यता दिली नाही तर घोषणा आपोआप संपते.

पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एडीएम जबलपूरचा निकाल चुकीचा ठरवून मोडीत काढला. त्या निकालपत्राचे लेखक न्या. धनंजय चंद्रचूड. १९७६ च्या चार न्यायाधीशांत त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड होते.

प्रशियासारखे राज्य सरकार हटवण्याची सोय मात्र कलम ३५६ च्या रूपाने आजही आहे. हे कलम वापरण्याची वेळच येऊ नये, अशी आशा आंबेडकरांनी व्यक्त केली होती. ते शंभराहून अधिक वेळा वापरले गेले. महाराष्ट्रात तीनदा, १९८०, २०१४ आणि २०१९ मध्ये. १९९४ च्या बोम्मई निकालानंतर न्यायालय त्याची कारणे तपासू शकते, त्यामुळे मनमानी बरीच कमी झाली.

आणि कामतांना ज्या कलमाची सर्वाधिक भीती होती, ते ३५९? कलम २०, तसेच कलम २१ म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, आता कुठल्याही आणीबाणीत स्थगित करता येत नाही. समानतेचे कलम १४ आणि अटकेबाबतचे कलम २२ यांसाठी न्यायालयात जाण्याची वाट मात्र राष्ट्रपतींच्या आदेशाने आजही बंद करता येते.